दुसरी गोलकीपर

रिओबांबा, इक्वेडोर
२८ मे २०२३

ती. अण्णांस,
दिशाचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

तुमचं पत्र मिळालं, पण फोटोत तुमचा अंगठा आलाय आणि शेवटच्या दोन ओळी त्याच्याखाली गेल्यात. पुढच्या वेळी कागद टेबलावर ठेवा आणि मोबाईल जरा वर धरून फोटो काढा. फोनवर तुम्हाला माझं काही ऐकू येत नाही, पण त्या निमित्ताने तुम्ही पत्रं तरी लिहिता. त्यामुळे तुमचे कान घालवणाऱ्या वर्कशॉपमधल्या इंजिनांवर माझा पूर्वीइतका राग राहिलेला नाही.

हे गाव आपल्या नगरपेक्षा चौपट उंचीवर आहे. खिडकीतून बर्फाचा डोंगर दिसतो आणि जिना चढला की अजून धाप लागते. पुरुषांची लीग इथे फार जुनी आहे, बायकांची राष्ट्रीय लीग मात्र चार-पाच वर्षांचीच. मला एका मोसमासाठी बोलावणारा आमचा क्लब तर यंदाच खालच्या लीगमधून वर आलाय. पुरुषांच्या संघाचे जुने शर्ट आम्हाला दिलेत, त्यांच्या बाह्या कोपराखाली येतात. निम्म्या मुली दिवसभर कुठेतरी नोकरी करतात आणि संध्याकाळी सरावाला येतात. मॅच रविवारी भर दुपारी बाराला असते. बघायला आयाबाया, दोन-चार म्हातारे आणि कुत्री. बारा संघांत आम्ही दहावे आहोत, आणि शेवटचे दोन बाहेर पडतात. म्हणजे काठावर बसलोय असं समजा.

मी तर अक्षरशः बाकावरच बसले आहे. पहिली गोलकीपर नार्सिसा, माझी खोलीतली जोडीदारीण. सत्तावीस वर्षांची आहे, पहाटे बेकरीत पाव भाजते. तिची आई दोन्या रोसाउरा ('दोन्या' म्हणजे आपलं 'बाई') दोन तासांवरच्या गावात राहते आणि तिथल्या शनिवारच्या बाजारात उकडलेली कणसं विकते. नार्सिसा मला स्पॅनिश शिकवते. मी तिला 'आई गं' शिकवलं, तर आता गोल खाल्ला की ती सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं 'आई गं' म्हणून ओरडते.

ती फार चांगली आहे, अण्णा, आणि माझी पंचाईत तीच आहे. तिला ताप येत नाही, तिचा पाय मुरगळत नाही. माझ्या ग्लोव्हजना अजून मॅचची माती लागलेली नाही. हे फक्त तुम्हाला लिहितेय.

मोठ्या आईला नेवाशाला नमस्कार कळवा. तुमची माया अशीच पाठीशी असू द्या.

आपली,
दिशा

*

भिंगार
१२ जून २०२३

चि. दिशा हिस,
सहादेवचे अनेक उत्तम आशीर्वाद.

आज सकाळी मोबाईल उघडला आणि तुमच्या क्लबच्या पानावर तुझा फोटो दिसला. हिरवा शर्ट, पाठीवर बारा नंबर, दोन्ही हात पसरून गोलात उभी. चष्मा पुसून पुन्हा बघितला. मग चप्पल घातली आणि सदर बाजारातून अर्धा किलो पेढे आणले. टपरीवर वर्कशॉपची जुनी मंडळी बसली होती, गोरक्षनाथ, सूर्यभान वगैरे, त्यांना वाटले. गोरक्षनाथने विचारलं की तीन गोल खाल्ले त्याचे पेढे का. मी म्हटलं, पोरगी पहिल्यांदा उभी राहिली त्याचे. तुझी आई असती तर तिनं अख्ख्या गल्लीला बोलावलं असतं.

नेवाशाला वहिनींना फोन केला. त्या तीनदा ओरडल्या तेव्हा मला एकदा ऐकू आलं. अंगणवाडीतल्या पोरांना त्या उद्या शिरा करून घालणार आहेत.

एक कळलं नाही. तुझ्या फोटोखाली लोकांनी मेणबत्त्या आणि काळ्या फितींची चित्रं फार टाकली आहेत. हरल्यावर तिकडं तशी रीत असेल. आपल्याकडं नुसत्या शिव्या देतात.

नार्सिसाला का बसवलं ते लिही. ती नाराज झाली असेल, तर तिच्याशी जास्त गोडीनं वाग. पोटभर जेवत जा. तू सुखरूप असलीस की म्हाताऱ्याला दुसरं काही नको.

तुझा,
अण्णा

(या वेळी अंगठा आलेला नाही. तपासला.)

*

रिओबांबा
१८ जून २०२३

ती. अण्णांस,
नमस्कार.

तुमचं पत्र सोमवारीच आलं होतं. पेढ्यांपर्यंत वाचलं आणि मोबाईल पालथा ठेवला.

नार्सिसा गेली, अण्णा. त्या मेणबत्त्या तिच्यासाठी होत्या.

कसं झालं ते एकदाच लिहिते. शनिवारी सकाळी तिच्या आईचा निरोप आला की बाजारात मदतीला कुणी नाही. रविवारी मॅच, त्यामुळे जावं की नाही असं तिचं चाललं होतं. तिनं मला विचारलं. मी म्हटलं, जा, रात्री आईजवळ राहा, रविवारी पहिल्या बसने ये, कोचला मी सांगते. वर हेही म्हटलं की थोडा उशीर झाला तरी मी आहे ना.

ते मी तिच्यासाठी म्हटलं नव्हतं. पहिली बस धुक्यामुळे नेहमी उशिरा येते हे मला ठाऊक होतं. तिला उशीर झाला तर मला उभं राहायला मिळेल, एवढंच माझ्या मनात होतं. ती मला मिठी मारून गेली.

रविवारी ती आली नाही, फोन लागला नाही. कोच चिडले आणि त्यांनी मला हिरवा शर्ट दिला. आणि अण्णा, मी खुशीत होते. तीन गोल खाल्ले, पण दोन असे अडवले की समोरच्या संघाच्या मुलीने पाठ थोपटली. मॅच संपेपर्यंत मला तिची आठवण एकदाही आली नाही. आत शर्ट बदलत होतो तेव्हा कोच आले आणि दारातच खाली बसले. पहिली बस सकाळी धुक्यात दरीत गेली होती. चार माणसं गेली, त्यांत ती. मी गोलात उड्या मारत होते तेव्हा ती तिथे खाली पडली होती.

आता पहिली गोलकीपर मी आहे. दुसरी कुणी नाही. तिचा पलंग समोर आहे, आणि लोक येऊन मलाच धीर देऊन जातात. मला घरी यायचंय. तिकिटाची तारीख अलीकडे घेता येते का ते बघते.

दिशा

*

भिंगार
२५ जून २०२३

चि. दिशा बाळास,
अनेक आशीर्वाद.

चार कागद फाडले, हा पाचवा.

तुझा दोष नाही असं मी लिहिणार नाही. ते तुला सगळे सांगत असतील आणि तुला ते पटत नसेल. मलाही पटलं नव्हतं. माझं काय ते तुला कधी सांगितलं नाही, आज सांगतो.

वैजूदादा, तुझे मोठे काका, लष्कराच्या वर्कशॉपमध्ये नोकरीला होते. मी तेवीस वर्षांचा, नववी नापास, भरतीत दोनदा माघारी आलेला. दिवसभर जवानांबरोबर मैदानावर फुटबॉल खेळायचो आणि घरी येऊन ओट्यावर बसायचो. दादाचा वर्कशॉपचा पास दाराजवळ खिळ्याला अडकवलेला असायचा. एक दिवस त्या पासकडं बघून मनात आलं, हा माझा असता तर. बाकी काही नाही, एवढंच. दोन महिन्यांनी जामखेड रस्त्याला ट्रकनं दादाच्या सायकलला उडवलं. आणि तो पास, म्हणजे ती नोकरी, अनुकंपावर मला मिळाली.

पहिली दोन वर्षं मला वाटायचं, आपण मागितलं म्हणून झालं. मग हळूहळू कळलं, ट्रक माझ्या मनात येण्यानं चालत नव्हता. तुझी बसही तुझ्या बोलण्यानं दरीत गेली नाही. हे तुला आज पटणार नाही. दोन वर्षांनी बघ.

पण माझं खरं पाप त्याच्या पुढं आहे, आणि ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. नोकरीवर पहिला हक्क पुष्पावती वहिनींचा होता. त्या दहावी पास, वय एकवीस. तेराव्याच्या दिवशी आमचे चुलते आबासाहेब म्हणाले की दोनशे पुरुषांत एकटी बाई कशी काम करणार, बरं दिसतं का, घरात कर्ता पुरुष पाहिजे. ना हरकतीचा कागद वहिनींपुढं ठेवला. सही करायच्या आधी त्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं. मी खाली फरशीकडं बघितलं.

त्यांनी सही केली आणि महिन्याभरात माहेरी गेल्या. त्या सहीवर मी सदतीस वर्षं नोकरी केली, घर बांधलं, तुला वाढवलं. तुझी आई गेल्यावर त्याच वहिनी येऊन तुझ्या वेण्या घालत होत्या. मी कधी शब्द काढला नाही.

मनात काय आलं त्याला माझा इलाज नव्हता. खाली बघणं मात्र माझं होतं, आणि ते मी केलं. तू खाली बघू नकोस. त्या आईकडं जा, आणि जे मला लिहिलंस ते तिला सांग. मग घरी यायचं असेल तर ये, मी पुण्यापर्यंत न्यायला येतो.

तुझा,
अण्णा

*

रिओबांबा
९ जुलै २०२३

ती. अण्णांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र किती वेळा वाचलं ते विचारू नका. मोठी आई वेण्या घालताना फार घट्ट ओढायची आणि मी रडायचे, तेवढंच मला ठाऊक होतं.

काल बाजारात गेले. काय बोलायचं ते स्पॅनिशमध्ये कागदावर लिहून पाठ केलं होतं. दोन्या रोसाउरा ठेंगण्या आहेत, डोक्याला फेल्टची टोपी, पाठीवर लाल शाल. मला बघून उठल्या आणि त्यांनी माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. मी तोंड उघडायच्या आत त्यांनीच सांगितलं की त्या शनिवारी नार्सिसा आली ती माझं कौतुक करतच आली. इंडियाच्या मुलीनं मला आईकडे पाठवलं, कोचची बोलणी स्वतः खाईन म्हणाली, असं ती बाजारात सगळ्यांना सांगत होती. तुझ्यामुळे मला एक दिवस मिळाला, असं त्या म्हणाल्या.

तिथेच गप्प बसायला हवं होतं का, अण्णा? मला नाही जमलं. मी पाठ केलेलं सगळं सांगितलं. भाषा मोडकी, त्यामुळे गोलगोल फिरवून सांगता येत नाही, सरळच सांगावं लागतं. त्यांनी माझ्या चेहऱ्यावरचे हात काढून घेतले. मग खाली बसल्या आणि टोपलीतली कणसं खालची वर, वरची खाली करायला लागल्या. बराच वेळ. शेवटी माझ्याकडे न बघता म्हणाल्या, जा आता.

लेकीची शेवटची एक चांगली गोष्ट त्यांच्याजवळ होती, ती मी काढून घेतली. तुमच्या सांगण्यावरून गेले, म्हणून तुम्हालाच विचारते. हे मी त्यांच्यासाठी केलं, की पुन्हा स्वतःसाठीच?

आज पाच गोल खाल्ले. चेंडू येताना दिसतो, पण पाय जमीन सोडत नाहीत. आम्ही अकराव्या नंबरवर आहोत. मी निघाले तर गोलात उभं राहायला कुणी नाही, म्हणून तिकीट अजून बदललेलं नाही.

उत्तर लवकर लिहा.

दिशा

*

नेवासा
१७ जुलै २०२३

चि. दिशा बाळाला,
पुष्पावतीचा पोटभरून आशीर्वाद.

तू उत्तर अण्णांना मागितलं हुतं, लिहिते मी. मला तुमच्यासारखं शुद्ध लिहायला येत न्हाई, बोलते तसं लिहिते.

गुरुवारी भावजी एसटीनं आले. निरोप न्हाई, फोन न्हाई. मी अंगणवाडीत तांदूळ निवडत हुते. दारातच उभे राहिले आणि तुजं पत्र मोठ्यानं वाचाया लागले. ऐकू येत न्हाई म्हणून ते वरडून बोलतात, तुला ठावं हाय. समद्या आळीनं ऐकलं. वाचून झाल्यावर तसंच वरडून म्हणाले, वहिनी, त्या दिवशी तुमी माझ्याकडं बघितलं आणि मी खाली बघितलं. नोकरी तुमची हुती.

मी म्हटलं, मला म्हाईत हाय. त्यांना ऐकू गेलं न्हाई. दोनदा म्हटलं, तरी न्हाई. मग पोरांची पाटी घेतली आणि तिच्यावर लिहिलं. मी नोकरी मागत नव्हते. हिलाबी इचारा, येवढं कुणीतरी म्हणावं म्हणून बघत हुते. ते वाचून भावजी लहान पोराच्या बाकावर बसले आणि लई रडले. मला इचारलं, पाटी पुसू का. मी हातानंच खुणावलं, राहू द्या.

आता खरं सांगते. त्यानं माझा राग गेला न्हाई. उलट जास्त आला. भावजी गेल्यावर दोन दिस मी धड जेवले न्हाई. तवाच्या त्या एकवीस वर्साच्या पोरीची, माझीच, मला लई दया आली. तिनं कसली नोकरी केली असती, कशी साडी नेसून गेली असती, असलं मनात येत राहिलं. भावजी आले नसते तर हे दुखणं मी झाकून ठिवलं असतं आणि सुखात राहिले असते. पण तू इचारलं म्हणून सांगते. ते आले ते मला पाहिजे हुतं. इतकी वर्सं पाहिजे हुतं.

तवा त्या माउलीनं जा म्हटलं म्हणून तू राहू नको. माफी मागू नको. तिचं दुःख तिला आवरंना, त्यात तुजी माफी कुठं ठिवील ती? नुसती जात जा. टोपली उचलायची असली तर उचल. बोलली न्हाई तर तशीच माघारी ये. पुढच्या बाजाराला परत जा.

आणि गोलात नीट उभी राहा. तुजी ती मैतरीण असती तर तिनं येवढे गोल खाल्ले असते का?

मी हाय तुझ्या मागं, तू आपली जिवाला जप.

तुजी,
मोठी आई

*

रिओबांबा
२७ ऑगस्ट २०२३

ती. अण्णा आणि ती. मोठी आई यांस,
दिशाचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

हे पत्र दोघांना मिळून लिहितेय. अण्णा, नेवाशाला जाऊन मोठ्या आईजवळ बसून वाचा. हळू वाचा, आळीला ऐकवू नका.

लीगमधली आमची शेवटची मॅच आज झाली. समुद्रकाठच्या संघाशी शून्य-शून्य. त्यांनी अकरा वेळा गोलावर मारलं आणि एकही आत गेला नाही. पण उपयोग झाला नाही. वरच्या संघालाही एक गुण मिळाला, आणि आम्ही अकरावेच राहिलो. म्हणजे पुढच्या वर्षी हा क्लब या लीगमध्ये नसेल. मुली मैदानातच बसून रडल्या. आमच्या कॅप्टनने नार्सिसाचा शर्ट गोलाच्या खांबाला बांधला. उद्यापासून कुणी शिवणकामाला जाईल, कुणी दुकानात. माझं तिकीट १ सप्टेंबरचं आहे.

मोठी आई, तू सांगितलंस तशी मी दर शनिवारी जात राहिले. पहिल्या शनिवारी दोन्या रोसाउरांनी पाठ फिरवली. दुसऱ्या शनिवारी शेजारच्या बाईने मला त्यांच्या वतीने हाकललं. पुढच्या खेपेला मी बसमधून उतरलेलं कणसांचं पोतं उचललं, तर त्यांनी उचलू दिलं, पण बोलल्या नाहीत. त्यानंतर दोन शनिवार मी टोपलीमागे बसून कणसं सोलली आणि संध्याकाळच्या आत माघारी आले. माफी मागितली नाही. खूपदा ओठांवर आली, पण नाही मागितली.

काल शेवटचं जायचं होतं. मी जाणार आहे हे सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि गिऱ्हाईक बघत राहिल्या. दुपारी बाजार ओसरला तेव्हा टोपलीवर फडकं टाकून त्या माझ्यासमोर येऊन बसल्या. म्हणाल्या, त्या शनिवारी दुपारपासून रविवारी बसमध्ये बसेपर्यंतची ती माझ्याजवळ आहे. शनिवार सकाळची तुझ्याजवळ आहे. ती मला दे.

मला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि मी सांगायला लागले. ती बेकरीतून आली तेव्हा केसांत पीठ होतं. अंडी करपली, तरी तीच खाल्ली. दोन पायांत दोन वेगळे मोजे होते, एक माझा. गाणं म्हणत होती, पण शब्द विसरली म्हणून मधेच शीळ घालायची. आईसाठी सहा पाव बांधून घेतले. जिना उतरल्यावर स्वेटर विसरला म्हणून परत वर आली आणि पिशवीतला एक पाव तिथेच उभ्याने खाल्ला. तेव्हा त्या म्हणाल्या, हो, पाच होते. मी मोजले होते.

ती जाऊ की नको म्हणून विचारत होती आणि मी जा म्हटलं, तेही सांगितलं. का म्हटलं तेही. वगळलं नाही. त्यांनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, आता उठतील. उठल्या नाहीत. डोळे न उघडताच हाताने खूण केली, पुढे सांग.

बसच्या खिडकीतून तिने कसा हात हलवला तिथे येऊन मी थांबले. माझ्याजवळ त्याच्यापुढे काही नव्हतं. आजूबाजूला दुकानं आवरत होते. त्यांनी शालीने तोंड पुसलं, माझा हात ओढून आपल्या मांडीवर ठेवला आणि म्हणाल्या, पहिल्यापासून सांग.

मी पहिल्यापासून सांगितलं.

तुम्ही दोघं एकमेकांना सांभाळा. येतेच आहे.

तुमची,
दिशा